सिपोरा, तुझा सण कधी लागला?

सिपोरा,

तुझ्या खोलीला चुन्याचा वास अजून येतो आहे. अंगात ताप फणफणत असताना तू मला भिंती पांढऱ्या करायला लावल्यास. तांब्याच्या भांड्यांना कल्हई करून आणवलीस. आंबवणाच्या मडक्यावर झाकण घालून, फडकं बांधून, ते घराबाहेर धाडायला लावलंस. तुमच्या कोकणात या सणाला अनाशी ढाकायचा सण म्हणतात, ते आंबवण झाकायचं म्हणूनच. पुण्यातले तुमचे लोक त्याला पेसाह म्हणतात. "आठ दिवसांवर आला, गोदे, हात उचल," असं अंथरुणावरून ओरडत होतीस. मी चिडून म्हटलं होतं, "आधी बरी हो, मग सण कर." ते बोलणं आता परत घेता येत नाही.

आज त्याच भिंतींमध्ये बसून तुला लिहिते आहे. तुझ्या सणाचे दिवस अजून संपलेले नाहीत. काल दुपारी तुझे दाविदभाऊ पुण्याला परत गेले. बोलायला कुणी उरलं नाही, आणि बोलायचं तर खूप आहे.

आपण दोघी वेल्ह्याला आलो त्याला दहा वर्षं होत आली. मी भोरहून मुलींच्या शाळेवर आले, तू पुण्यात नर्सचं शिकून दवाखान्यावर आलीस. संस्थानानं एकाच घराच्या दोन खोल्या दोघींना दिल्या, मधे एक पडवी. गावात तुझ्यासारखं दुसरं यहुदी माणूस नव्हतं. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांतली म्हणून कुणी शनवारतेलीण म्हणायचं, कुणी नुसतं नरसबाई. पहिलं वर्षभर मी तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तूही कधी पुढे केलं नाहीस. मग मला हिवताप आला आणि तीन दिवस तू चमच्या-चमच्यानं माझ्या तोंडात पेज घातलीस. त्यानंतर तो विषय मिटला. पण मी कधी म्हटलं नाही, की सिपोरा, माझं चुकलं. तू कधी म्हणायला लावलं नाहीस.

त्याऐवजी आपण भांडलो ते दिवस कधी सुरू होतो यावर. किती भांडलो गं! शुक्रवारी ऊन उतरलं की तू हातातलं काम टाकून दिवा लावायचीस आणि म्हणायचीस, "लागला शनिवार." मला ते ऐकवत नसे.

"अगं, दिवस उगवतो म्हणतात. मावळताना सुरू कसा होईल?"

"देवानं जग केलं तेव्हा आधी अंधारच होता, गोदे. उजेड मागून आला. म्हणून दिवस संध्याकाळपासून मोजायचा."

"आणि दवाखान्याच्या वहीत काय करतेस?"

"तिथं रात्री बाराला तारीख बदलते. पगार देतात, त्यांची वेळ पाळते."

मी पंचांग काढायचे. सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची, असं तुला पटवायचे. चैत्री पुनवेला आमच्या मारुतीचा जन्म पहाटे, सूर्य वर येताना होतो, हा माझा मोठा पुरावा. तुझा सणही त्याच पुनवेच्या आसपास, पण तो आदल्या संध्याकाळी लागणार. वरच्या धनगरवाड्यावरच्या ठकूबाई लोणी घेऊन यायच्या, त्या पायरीवर बसून आपलं ऐकायच्या आणि हसायच्या. "आमचा दिस मेंढरं उठली की सुरू हुतो, बायांनो. तुमी शिकल्याल्या बाया कशापायी भांडताय?"

दोन वर्षं मी तुझ्याशी हे भांडत होते. ऐकत मात्र नव्हते. तू बोलत असताना मी पुढचं उत्तर जुळवत असायचे. याची शिक्षा तुला झाली.

ते तिसरं वर्ष. ठकूबाईंची सून काशी अडली म्हणून रविवारी सकाळी धोंडिबा, म्हणजे तिचा नवरा, तुला वाड्यावर घेऊन गेला. चार तासांची चढण. जाताना तू म्हणालीस, "दाविदचं पत्र आलं नाही अजून. चंद्र बघून अंदाज आहे, पण एखादा दिवस इकडंतिकडं होतो. आलं की निरोप धाड." मोठ्या भावाचं ते पत्र दरसाल यायचं, त्यावर तुझा सण ठरायचा.

सोमवारी टपालात पत्र आलं. त्यात एवढंच होतं, की यंदा पेसाह गुरुवारी आहे. त्याच दुपारी धोंडिबा औषधासाठी धावत खाली आला. काशीला मुलगी झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं. मी औषध बांधून दिलं, आणि मग माझी हुशारी केली. सण गुरुवारी आहे, आणि तुमचे सण संध्याकाळी लागतात, हे तर मला आता पक्कं ठाऊक होतं. मी दोन्ही जोडलं.

"बाईंना सांग, सण गुरुवारी संध्याकाळी आहे."

"बेस्तरवारी सांजच्याला. सांगतो," म्हणून तो गेला.

मी खूश होते, सिपोरा. तुझी रीत मला कळली असं वाटलं होतं. तू सांगितलं होतंस तशा सरबतासाठी काळ्या मनुका भिजत घातल्या, गहू पाखडून, दळून ठेवले.

मंगळवारी काशी गेली. तू तिच्या सासूबरोबर तिला न्हाऊ घातलंस. तान्ही पोर मुठीएवढी, ती दूध ओढेना. गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे असं धरून तू बुधवारीही वाड्यावर राहिलीस. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजत बसलीस. बुधवारी संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन तू दारात होतीस, पूर्वेला चंद्र वर आला, आणि तू मनात म्हणालीस, उद्या. हे तू मला पुष्कळ दिवसांनी सांगितलंस. त्याच वेळी पुण्यात दाविदभाऊंच्या घरी सणाचं ताट मांडलेलं होतं.

गुरुवारी दुपारी तू आलीस. पायाला धूळ, डोळे सुजलेले. आंघोळ करून सरळ म्हणालीस, "पत्र बघू." वाचलंस. परत वाचलंस. पडवीच्या पायरीवर बसलीस.

"गोदे, हा गुरुवार काल संध्याकाळीच लागला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी काहीतरी पुटपुटले, की आज कर ना, आज काय बिघडलं? तू मान हलवलीस. "पुण्यात आज दुसऱ्या रात्रीही ताट मांडतात. आमच्या आजीकडं एकच रात्र. ती गेली." एवढंच. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू उठलीस, दळलेल्या पिठाच्या बिनफुगलेल्या भाकऱ्या लाटल्यास, आणि सणाचे उरलेले दिवस न चुकता पाळलेस. "वाड्यावर नाचणी आणि दूधच होतं, आंबलेलं काही पोटात गेलं नाही, तेवढं बरं झालं," असं मलाच समजावलंस. माझी चूक होती हे मी तोंडानं म्हटलं नाही. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

मग एक दिवस तू तुझं जुनं मोठं पुस्तक घेऊन पडवीत आलीस. तुझ्या चेहऱ्यावर मला तेव्हा पहिल्यांदा जीव दिसला. "हे बघ. जो दूरच्या वाटेवर होता, किंवा जो प्रेताला शिवला होता, त्याला सण चुकला तर पुढच्या महिन्यात, त्याच चंद्राला, परत करता येतो. मी दूरच्या वाटेवर होते. काशीला मी हात लावला. माझ्याकडं दोन्ही कारणं आहेत."

दाविदभाऊंनी पत्रातून कळवलं, की ते आपलं जुनं देऊळ उभं होतं त्या काळातलं, आता त्याची गरज नाही, असा हट्ट करू नकोस. तू उलट लिहिलंस, की गरज नसेल, पण मनाई कुठं आहे? तो वाद तुम्हां बहीणभावांत शेवटपर्यंत सुटला नाही.

वैशाखातली ती संध्याकाळ. शुक्रवार होता, म्हणजे तुझा शनिवारही लागत होता. तू मला जवळ बसवलंस. ताटात कडू पाला, उकडलेलं अंडं, मिठाचं पाणी, बिनफुगलेल्या भाकऱ्या. मनुकांचं सरबत. मिसरातून तुमचे पूर्वज कसे निघाले, पीठ फुगायलाही थांबायला वेळ नव्हता, ते तू मला मराठीत सांगितलंस, मधेमधे तुमच्या भाषेत म्हणत. मी तुझ्या ताटातलं खाल्लं. भोरला माझ्या माणसांना कळलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आला आणि गेला. कडू पाला चावताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तू म्हणालीस, "पाल्यानंच आलंय ना?" मी हो म्हटलं.

त्यानंतर तू म्हणालीस, "सण बुधवारी लागतो असं कळलं असतं, तर मी सकाळीच निघाले असते. ती पोर मग जगली नसती."

हे खरं म्हणून सांगितलंस, की माझ्यासाठी? मी विचारायला हवं होतं. पोर आता सात वर्षांची आहे, माझ्याच शाळेत पाटी घेऊन येते, आणि तिच्याकडे बघून मला दरवेळी ते विचारावंसं वाटायचं. विचारलं नाही.

यंदा माघात खोऱ्यात विषमज्वर आला. तू घरोघर फिरलीस आणि शेवटी तुलाच लागला. भोरहून डॉक्टर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. तुला सांगावं लागलंच नाही, तू लोकांचे चेहरे वाचण्यात आयुष्य घालवलेलं. तू मला सूचना देत राहिलीस. "सणात काही झालं तर दाविदची वाट बघू नका. तो सणाच्या दिवशी गाडीत बसणार नाही. मला जाळू नका, मूठमाती द्या. सणाच्या पहिल्या दिवशी हे काम आमच्या माणसांनी करायचं नसतं, तुम्ही लोकांनी केलेलं चालतं." मी कानांवर हात ठेवले होते. तू म्हणालीस, "गोदे, ऐक नीट. या खेपेला नीट ऐक." हसून म्हणालीस. पण म्हणालीस.

सोमवारी सण लागायचा होता. या वर्षी मी पत्र दहादा वाचलं होतं. सकाळपासून तू डोळे फारसे उघडले नव्हतेस. मी ताट मांडलं, तुझ्या उशाशी ठेवलं. चार घरच्या बाया पडवीत येऊन बसल्या. आपल्या घरावर पश्चिमेच्या डोंगराची सावली लवकर पडते. खोलीत अंधारून आलं तेव्हा तू पुटपुटलीस.

"ऊन आहे का गं?"

मी दारातून बघितलं. अंगणात सावली. समोरच्या शेतात सावली. मी दिवा लावला.

"नाही. गेलं ऊन. लागला तुझा सण."

"नक्की?"

"नक्की, सिपोरा."

मनुकांच्या सरबताचं बोट मी तुझ्या ओठांना लावलं. तू ते चाखलंस. तुमच्या भाषेत काही म्हणायला सुरुवात केलीस, नेहमीचे पहिले दोनतीन शब्द मला ओळखू आले, आणि पुढचे आलेच नाहीत. मी वाट बघत बसले. बायांनी मला धरलं तेव्हा मला कळलं.

मंगळवारी पहाटे देवळात मारुतीचा जन्म झाला आणि माणसं पाळण्याची दोरी सोडून तशीच कुदळी-फावडी घेऊन आली. दवाखान्यामागच्या माळावर ज्यानं जागा दिली त्यानं सांगितलं, "बाईंनी माझी तीन पोरं काढली. जागेचं काय विचारता?" धोंडिबानं पहिली कुदळ मारली. पांढऱ्या कापडात तुला मी आणि ठकूबाईंनी गुंडाळलं. काय म्हणायचं ते कुणालाच येत नव्हतं, म्हणून कुणी काही म्हटलं नाही. सगळ्यांनी माती दिली. ती सात वर्षांची पोर दोन्ही हातांनी देत होती, तिला थांब म्हणावं लागलं.

त्या दुपारी ठकूबाई माझ्यापाशी बसून राहिल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "म्या काल वरच्या सड्यावर हुते, मेंढरं वळवीत. तुमच्या दारात बाया उठल्याल्या, धावल्याल्या दिसल्या. तवाच कळलं मला, नरसबाई गेली."

"संध्याकाळी एवढ्या अंधारात दिसलं तुम्हाला?"

"अंधार कुठला, बाई? हितं खाली सावली हुती. वर माझ्या अंगावर ऊन हुतं. सूर्य चांगला हातभर वर हुता की."

सिपोरा, मी तुला दुसऱ्यांदा चुकीची वेळ सांगितली होती.

गुरुवारी दाविदभाऊ आले. सणाचे पहिले दोन दिवस उलटल्यावर नसरापूरपर्यंत मोटारीनं, पुढं बैलगाडीनं. तुझ्यासारखंच नाक. माळावर जाऊन त्यांनी प्रार्थना म्हटली, त्यात तुझे ते पहिले शब्द होते, आणि पुढचेही होते. परत येऊन पडवीत बसले. टोपी हातात फिरवत होते.

"बाई, एक विचारायचं होतं. ती सूर्य मावळायच्या आधी गेली, की नंतर?"

"त्यानं काय होतं?"

"तिच्या आठवणीचा वर्षाचा दिवस त्यावर ठरतो. आधी गेली असेल तर आमच्या महिन्याची चौदावी तारीख. नंतर असेल तर पंधरावी, म्हणजे सणाचा पहिला दिवस." मग खाली बघून म्हणाले, "आई ऐंशीच्या पुढं आहे. गावी वाट बघत असेल. पोरीला सण मिळाला असं कळलं, तर तिला जरा बरं वाटेल."

'नंतर', एवढा एक शब्द म्हणायचा होता. ठकूबाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तुझी एक संध्याकाळ मी हिरावली होती, ती परत देण्याची ही जागा होती. मी तोंड उघडलंही. पण तू त्या पायरीवर बसून दोनदा पत्र वाचलं होतंस, तो चेहरा आठवला, आणि मला ते जमलं नाही.

"आधी," मी म्हटलं. "वर डोंगरावर ऊन होतं. मी तिला सांगितलं की सण लागला, पण लागला नव्हता. मला ठाऊक नव्हतं." आणि मग थांबताच येईना. सात वर्षांपूर्वीचंही सांगितलं. पत्र, धोंडिबा, माझी हुशारी. सगळं.

ते म्हणाले, "पण तिनं तर मला लिहिलं होतं, की निरोप बरोबर आला होता, ऐकताना तिचीच चूक झाली. मी तिला रागावून पत्र लिहिलं होतं. इतकं शिकून तुला आपला दिवस कळत नाही, असं."

ते पत्र तू मला कधी दाखवलं नाहीस. तू त्यांची बोलणी खाल्लीस आणि माझ्या शेजारी बसून नेहमीसारखी भांडत राहिलीस, दिवस कधी सुरू होतो म्हणून. मी तिथंच, तुझ्या भावासमोर, लहान पोरीसारखी रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "चूक माझीही होती, बाई. आदल्या संध्याकाळपासून, एवढे दोन शब्द मी लिहायला हवे होते. पत्र ज्या घरी जातं तिथं दुसरं माणूसही वाचणार, हे मला सुचलं नाही."

"आईंना काय सांगाल?"

त्यांनी विचार केला. "तारीख चौदावीच धरीन. ती बदलता येत नाही. पण आईला सांगेन, सण लागला हे तिच्या कानावर पडलं, मनुकांचं सरबत ओठांना लागलं, आणि मग ती गेली. हे तर खरं आहे ना?"

"हो. हे खरं आहे."

काल गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, दर वर्षी तिचा दिवा लावाल का? मी म्हटलं, लावीन, सोमवारी गेली, तर त्या दिवशी संध्याकाळी ना? ते हसले. तुझ्यासारखे. खाली उतरले आणि मला शांतपणे समजावून सांगितलं, की ती सोमवारी ऊन असताना गेली, आणि तो सोमवार रविवारी संध्याकाळीच सुरू झाला होता. दिवा दरसाल तसाच, आदल्या संध्याकाळी लावायचा. तारीख दरसाल पत्रानं येईल, संध्याकाळ कुठली तेही त्यात असेल.

मी त्यांच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. मधे एकदाही बोलले नाही, वाद घातला नाही. पंचांग आत फडताळात होतं, तिथंच राहू दिलं. तू असतीस तर तुझा विश्वास बसला नसता, गोदा गप्प बसून ऐकते आहे म्हणून.

आदल्या संध्याकाळी, सिपोरा. ऊन उतरण्याआधी मी घरी असेन.